मावशीची भिशी ब्लॉकचेनवर: पहिल्या हॅकेथॉनसाठी ३६ तासांचा आराखडा

माझ्या मावशीकडे एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही आहे. डावीकडे दहा बायकांची नावं, वर महिने आणि प्रत्येक चौकोनात निळ्या शाईची बरोबरची खूण. ज्या महिन्यात जिला भिशी लागली, तिच्या चौकोनाभोवती लाल गोल. दहा जणी, महिना दोन हजार, दहा महिने. ही भिशी कित्येक वर्षं सुरळीत चालली आहे, कारण वही मावशीकडे आहे आणि मावशीवर सगळ्यांचा विश्वास आहे. शेजारच्या गल्लीतली भिशी मात्र सहाव्या महिन्यात मोडली. चालवणारी बाई घर बदलून गेली, वहीही तिच्याबरोबर गेली आणि ज्यांची पाळी यायची होती त्यांचे पैसे बुडाले.

इंजिनिअरिंग कॉलेजांच्या हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरावीक तासांत संघाने ॲप बांधायच्या स्पर्धेत, मी मार्गदर्शक म्हणून बसतो. ब्लॉकचेन म्हणजे काय हे मुलांना सांगायची वेळ आली की मी या दोन भिश्यांपासून सुरुवात करतो. या लेखातही आपण भिशीच बांधू. वेळ धरू ३६ तासांची आणि संघ सहा जणांचा, कारण स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी तशीच असते. तुमची स्पर्धा २४ तासांची असेल, तर सजावट सोडून द्या, बाकी सगळं तसंच लागू पडतं.

कोणाचा कोणावर विश्वास नाही?

विषय ठरवताना फळ्यावर सगळ्यात वर हा प्रश्न लिहा. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं नाही, तर विषय बदला. कॉलेजच्या कॅन्टीनची ऑर्डर ब्लॉकचेनवर कशाला हवी? तिथे कॅन्टीनवाल्याची एकच नोंद सगळ्यांना मान्य असते, साधा डेटाबेस पुरतो. याउलट एटापल्लीचं उदाहरण घ्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या या भागात २०२२ साली सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या आधारे पडताळता येतील अशा पद्धतीने द्यायचं काम हाती घेतलं गेलं. दाखला देणारं कार्यालय एकीकडे, तो तपासणारं कॉलेज भलतीकडेच आणि मधे खोट्या दाखल्यांची भीती. इथे प्रश्नाला उत्तर आहे.

भिशीत उत्तर असं: बायकांचा एकमेकींवर थोडाफार विश्वास आहे, पण जमलेली रक्कम आणि वही एकाच हातात राहते, ही त्यातली कमकुवत जागा. म्हणून आपण तीन गोष्टी ब्लॉकचेनकडे देऊ. जमा रक्कम कोणाच्याच हातात राहणार नाही. कोणी हप्ता भरला हे सगळ्यांना दिसेल. पाळीचा क्रम एकदा ठरला की कोणालाच बदलता येणार नाही.

आणि जे जमणार नाही तेही त्याच फळ्यावर लिहा. पहिल्याच महिन्यात जिला भिशी लागली तिने २,००० भरून २०,००० उचलले. तिचे अजून नऊ हप्ते, म्हणजे १८,००० रुपये बाकी आहेत. तिने पुढे भरलेच नाहीत तर? कोणतंही कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवरचा प्रोग्रॅम, तिच्या पर्समधून पैसे काढू शकत नाही. आधीच १८,००० अनामत घ्या म्हणाल, तर जिच्याकडे १८,००० आहेत तिला पहिल्या महिन्यात भिशीची गरज काय? ही अडचण पूर्ण सुटत नाही, ती कमी करता येते. एका हप्त्याएवढी अनामत आणि अनोळखी माणसं आत न घेणं, एवढं आपण करू. परीक्षक हाच प्रश्न विचारतात. ज्या संघाने तो आधी स्वतःला विचारलेला असतो, त्याच्या बोलण्यात वेगळाच ठामपणा येतो.

थोडी तोंडओळख

ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकसारखी असलेली वही. तिच्यात नवं पान जोडता येतं, जुनं पान फाडता येत नाही. इथेरियम ही ३० जुलै २०१५ पासून चालू असलेली वही. तिच्यात दर १२ सेकंदांनी नवं पान, म्हणजे ब्लॉक, जोडायची वेळ येते. या वहीत नुसत्या नोंदी राहत नाहीत, छोटे प्रोग्रॅमही राहतात. त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. एकदा चढवलेला कोड लिहिणाऱ्यालाही बदलता येत नाही. वहीत काही लिहायचं तर ईथर या इथेरियमच्या चलनात गॅस नावाचं शुल्क पडतं, वाचायला काही लागत नाही. वॉलेट म्हणजे तुमची सही. कॉन्ट्रॅक्ट, वॉलेट आणि माणसाला दिसणारं वेबपान, या तिन्हींची जोडणी झाली की तुमचं विकेंद्रित ॲप, अर्थात डीॲप, तयार झालं.

आठ दिवस आधीची तयारी

हॅकेथॉनच्या सभागृहात दोनशे मुलं एकाच वाय-फायवर असतात. तिथे पोचून डाउनलोड सुरू करणाऱ्या संघाचे पहिले तीन तास त्यातच जातात. म्हणून नोडजेएस, गिट, व्हीएस कोड, हार्डहॅट (कॉन्ट्रॅक्ट लॅपटॉपवर तपासायचं साधन) आणि त्याची सगळी पॅकेजेस सहाही लॅपटॉपवर घरूनच बसवा. एक रिकामा प्रकल्प बनवून एकदा कंपाइल करून पाहा, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट ज्या भाषेत लिहितात त्या सॉलिडिटीचा कंपायलरही उतरलेला असेल.

ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल उघडून त्यात मेटामास्क बसवा आणि नवं वॉलेट तयार करा. ते बारा शब्द दाखवतं. ते शब्द ज्याच्याकडे, वॉलेट त्याचं. कोणाचं खऱ्या पैशांचं वॉलेट असेल तर ते हॅकेथॉनच्या लॅपटॉपवर मुळीच उघडू नका. थकलेल्या डोक्याने पहाटे माणूस कशावरही मंजुरी देतो.

मग चाचणीचं ईथर गोळा करा. सेपोलिया नावाचं चाचणी-जाळं आपण वापरणार आहोत. तिथल्या ईथरला बाजारात किंमत नाही, पण गॅस भरायला ते लागतंच. फॉसेट नावाच्या संकेतस्थळांवरून ते थोडं थोडं फुकट मिळतं. काही फॉसेट दिवसातून एकदाच देतात, काहींना तुमच्या वॉलेटमध्ये मुख्य जाळ्यावरचं थोडं खरं ईथर असावं लागतं. एका स्पर्धेत मी ज्या संघाबरोबर बसलो होतो, त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रात्री अकराला तयार होतं. फॉसेटने मात्र पहाटेपर्यंत एक थेंब दिला नाही. शेवटी शेजारच्या संघाने अर्धं ईथर दिलं. सहा जणांनी सहा दिवस रोज मागितलं, तर ही वेळ येत नाही.

यूट्यूबवरचे धडे पाहताना आधी तारीख बघा. रॉप्स्टन, रिंकेबी, गोर्ली ही इथेरियमची चाचणी-जाळी बंद झाली आहेत. पॉलिगॉनचं मुंबई नावाचं चाचणी-जाळं २०२४ मध्ये थांबलं, त्याच्या जागी अमॉय आलं. ट्रफल आणि गनाश ही साधनं बंद करत असल्याचं त्यांच्या निर्मात्यांनी २०२३ मध्येच जाहीर केलं. वेबपानाला ब्लॉकचेनशी जोडणाऱ्या ईथर्स या लायब्ररीच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीत बराच फरक आहे, त्यामुळे जुना कोड जसाच्या तसा चिकटवला की लाल अक्षरांचा पाऊस पडतो. दोन वर्षांपूर्वीच्या धड्यातली कल्पना जरूर घ्या, कोड मात्र त्या साधनाच्या आजच्या अधिकृत दस्तऐवजातूनच उचला.

पहिले तीन तास: लॅपटॉप बंद

खरंच बंद. मावशीच्या वहीसारखा तक्ता कागदावर आखा आणि त्यातला कोणता चौकोन ब्लॉकचेनवर जाणार यावर बोटं ठेवा. हप्त्याची रक्कम, सदस्यांच्या वॉलेटचे पत्ते, पाळीचा क्रम, कोणत्या फेरीत कोणी भरलं, चालू फेरीची मुदत. बस. नावं, फोन नंबर, फोटो यांतलं काहीही नको.

इथे नवख्यांची एक समजूत दूर करतो. सॉलिडिटीत एखाद्या चलाला 'प्रायव्हेट' लिहिलं, की ते लपतं असं वाटतं. तसं होत नाही. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला ते थेट वाचता येत नाही इतकंच, माणसाला ते सहज काढता येतं. मग कोणीतरी म्हणतं, आधार क्रमांकाचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, करून ठेवू. आधार क्रमांक बारा अंकी, म्हणजे जास्तीत जास्त एक लाख कोटी शक्यता. संगणक त्या सगळ्या हॅश करून जुळवून बघू शकतो. मोबाइल नंबर तर त्याहून सोपा. आणि वहीचं पान फाडता येत नसल्यामुळे झालेली चूक कायमची राहते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून मागायचा हक्क दिला आहे आणि ब्लॉकचेनवर तेच तर करता येत नाही. नावं साध्या डेटाबेसमध्ये ठेवा, ब्लॉकचेनवर फक्त वॉलेटचे पत्ते.

कामाची वाटणीही आत्ताच. दोघं कॉन्ट्रॅक्टवर, दोघं वेबपानावर, एक जण चाचण्यांवर आणि एक जण परीक्षकांसमोरच्या मांडणीवर. मांडणीवाल्याने पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या खांद्यावरून डोकवायचं, शेवटच्या दोन तासांत त्याला काम सुचवायला जाऊ नका.

कॉन्ट्रॅक्ट: आधी रीमिक्समध्ये

रीमिक्स हे ब्राउझरमध्ये चालणारं साधन आहे, काही बसवावं लागत नाही. त्यात सराव-खाती तयार मिळतात, प्रत्येकात १०० लुटुपुटीचं ईथर. पहिलं कॉन्ट्रॅक्ट इथेच लिहा.

सुरुवातीला कन्स्ट्रक्टर, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट जन्माला येताना एकदाच चालणारा भाग. त्याला सदस्यांच्या पत्त्यांची यादी, हप्त्याची रक्कम आणि एका फेरीची मुदत द्या. यादीतला क्रम हाच पाळीचा क्रम.

मग 'हप्ता भरा' हे फंक्शन. त्यात तीन अटी 'रिक्वायर'ने घाला: पाठवणारी सदस्य आहे, पाठवलेली रक्कम हप्त्याएवढीच आहे आणि या फेरीत तिने आधी भरलेलं नाही. तिन्ही जमल्या की मॅपिंगमध्ये, म्हणजे पत्त्यानुसार नोंद ठेवणाऱ्या तक्त्यात, खूण करा, भरणाऱ्यांचा आकडा एकने वाढवा आणि 'हप्ता आला' असा इव्हेंट, म्हणजे बाहेरच्यांना कळणारी सूचना, सोडा. पाठवणारी कोण हे फंक्शनला बाहेरून सांगू नका. तो पत्ता 'एमएसजी डॉट सेंडर'मधून घ्या, तो सहीवरून ठरतो आणि खोटा देता येत नाही.

कॉन्ट्रॅक्ट चढवल्यावर रीमिक्स प्रत्येक फंक्शनचं एक बटण दाखवतं आणि त्यांचे रंग बोलके असतात. निळं बटण नुसतं वाचतं. नारिंगी बटण वहीत लिहितं. लाल बटण लिहितं आणि पैसेही स्वीकारतं. तुमचं 'हप्ता भरा' नारिंगी दिसलं, तर 'पेएबल' हा शब्द लिहायचा राहिला आहे. पैसे पाठवले की व्यवहार उलटेल, म्हणजे रद्द होईल. बटणांच्या वर रक्कम टाकायची चौकट असते, तिच्या शेजारी एकक. ते मुळात वेईवर असतं. एक ईथर म्हणजे १ वर १८ शून्यं इतके वेई. तिथे १ टाकून 'एक ईथर पाठवलं' असं समजणारी मुलं मी प्रत्येक हॅकेथॉनला पाहतो आणि अट का जुळत नाही हे शोधण्यात त्यांचा तास जातो.

आता 'उचल'. हे फंक्शन सगळ्यात नाजूक आहे, इथे घाई करू नका.

ज्या सदस्येची पाळी तिलाच उचलता यावं, सगळ्यांनी भरलेलं असावं, या अटी सोप्या. खरा प्रश्न क्रमाचा. मावशी कधीच आधी पैसे देत नाही. ती आधी वहीत लाल गोल काढते आणि मग पाकीट हातात देते. कोडमध्ये नवखे नेमकं उलटं करतात: आधी रक्कम पाठवतात, मग 'उचल झाली' अशी नोंद करतात. पैसे घेणारा पत्ता हा माणसाचा नसून दुसरं कॉन्ट्रॅक्ट असू शकतो. त्याला पैसे मिळताच तो पुन्हा 'उचल' मागतो. तुमच्या वहीत अजून गोल नाही, म्हणून तुम्ही पुन्हा देता. तो पुन्हा मागतो. जून २०१६ मध्ये 'द डीएओ' नावाच्या कॉन्ट्रॅक्टमधून याच वाटेने सुमारे ३६ लाख ईथर वळवले गेले. ते परत आणायचे की नाही यावरून वाद इतका पेटला की जुलैमध्ये साखळीच दुभंगली, इथेरियम आणि इथेरियम क्लासिक अशी. तेव्हा क्रम पाठ करा: अटी तपासा, वहीत लिहा, मग पैसे पाठवा. पैसे पाठवायला 'कॉल' वापरा आणि तो यशस्वी झाला का हे तपासा. जुन्या धड्यांत दिसणारं 'ट्रान्सफर' टाळा. शिवाय ओपनझेपेलिन या लायब्ररीतलं पुनर्प्रवेश रोखणारं कुलूप लावून ठेवा.

मुदत आणि चिठ्ठी

आतापर्यंतच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक मोठी फट आहे, वाचताना कदाचित लक्षात आली असेल. 'सगळ्यांनी भरलं तरच उचल' अशी अट असेल, तर एकीने हप्ता भरला नाही की नऊ जणींचे पैसे कायमचे अडकतात. मावशी अशा वेळी तिच्या घरी जाऊन बसते. कॉन्ट्रॅक्टला कोणाच्या घरी जाता येत नाही.

म्हणून मुदत हवी आणि अनामत हवी. भिशीत येताना प्रत्येकीने एक हप्ता अनामत ठेवायचा. मुदत संपल्यावर 'मुदत संपली' हे फंक्शन कोणीही चालवू शकेल: ते न भरणारीची अनामत त्या फेरीत वळवतं आणि उचलीची वाट मोकळी करतं. दुसऱ्यांदा चुकवलं तर अनामतही उरलेली नसते, तेव्हा जमलं तेवढ्यावर उचल द्यायची आणि तिला पुढच्या पाळीतून वगळायचं. हा नियम तुम्ही वेगळा ठेवू शकता, पण काहीतरी नियम हवाच.

'कोणीही चालवू शकेल' हे शब्द मुद्दाम लिहिले. कॉन्ट्रॅक्टला गजर लावता येत नाही. महिना संपला की आपोआप काही घडेल ही अपेक्षा सगळ्या नवख्यांची असते. कॉन्ट्रॅक्ट झोपलेलं असतं, बाहेरून कोणीतरी व्यवहार पाठवला तरच जागं होतं. त्यामुळे वेळेवर अवलंबून असलेल्या प्रत्येक गोष्टीला ढकलणारा एक हात ठरवून ठेवा.

मुदतीची लांबी कन्स्ट्रक्टरमधून घ्यायला सांगितलं ते याचसाठी. खऱ्या भिशीत ती ३० दिवस, परीक्षकांसमोर ६० सेकंद. ३० दिवस कोडमध्ये ठोकून ठेवलेले संघ मांडणीच्या वेळी दुसरी फेरी दाखवूच शकत नाहीत.

आणि चिठ्ठी? मावशीकडे दर महिन्याला घरातलं लहान पोर डब्यातून चिठ्ठी काढतं. मुलांना हीच गंमत कोडमध्ये हवी असते, पण ब्लॉकचेनवर प्रत्येक संगणकाने तेच गणित करून तेच उत्तर काढायचं असतं, म्हणून तिथे खरा यादृच्छिक आकडा जन्मत नाही. ब्लॉकची वेळ किंवा हॅश वापरून काढलेली चिठ्ठी दुसरं कॉन्ट्रॅक्ट आधीच ओळखू शकतं. यावर चेनलिंकची व्हीआरएफ ही यादृच्छिक आकडे पुरवणारी सेवा आहे, ती आकड्यासोबत त्याचा पुरावाही देते. पहिल्याच हॅकेथॉनमध्ये मी तिच्या वाटेला जाऊ देत नाही. क्रम सुरुवातीला सगळ्यांसमोर ठरवा, यादीत घाला आणि चिठ्ठीचा भाग 'पुढे काय' या पानावर लिहा.

पहिल्या रात्रीची चाचणी

रीमिक्समध्ये जमलं की कोड हार्डहॅटमध्ये हलवा. ते तुमच्या लॅपटॉपवरच एक साखळी चालवतं आणि २० खाती देतं, प्रत्येकात १०,००० ईथर. या खात्यांच्या खासगी किल्ल्या, म्हणजे सही करायची गुपितं, जगभर सगळ्यांकडे त्याच असतात, म्हणून त्या पत्त्यांवर खरं ईथर चुकूनही पाठवू नका.

चाचण्या थोड्याच लिहा, पण वाईट माणसाच्या नजरेने. बाहेरचीने हप्ता भरला तर? कमी भरला तर? दोनदा भरला तर? पाळी नसताना उचल मागितली तर? एकाच फेरीत दोनदा उचलली तर? या सगळ्यांत व्यवहार उलटला पाहिजे. मुदतीची चाचणी करायला थांबायची गरज नाही, हार्डहॅटच्या साखळीत घड्याळ पुढे ढकलता येतं. हे सगळं हिरवं झालं की झोपा. दोघं झोपले, चौघं जागे, मग पाळी बदलली, असं करणारे संघ दुसऱ्या दिवशी दुपारी ताजे दिसतात.

सेपोलियावर चढवताना

जाळ्याशी बोलायला एक आरपीसी पत्ता लागतो, तो अल्केमी किंवा इन्फ्युरावर खातं उघडून मिळतो. चढवणाऱ्या वॉलेटची खासगी किल्ली कोडमध्ये लिहू नका. ती वेगळ्या पर्यावरण-फाइलमध्ये (.env) ठेवा आणि ती फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत (.gitignore) घाला. हे पहिल्या कमिटच्या आधी करायचं, कारण एकदा गेलेली किल्ली फाइल पुसली तरी इतिहासात राहते. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने किल्ली सार्वजनिक रेपॉझिटरीत ढकलली आणि चहा पिऊन येईपर्यंत वॉलेट रिकामं झालं होतं. असल्या किल्ल्या हुंगत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. ते चाचणीचं वॉलेट होतं म्हणून निभावलं.

चढवल्यावर जो पत्ता मिळेल तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. नंतर इथरस्कॅन या ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या सेपोलिया पानावर कोड पडताळून घ्या, म्हणजे परीक्षकांना तो तिथेच वाचता येईल. पडताळणी फसली, तर बहुतेक वेळा कंपायलरची आवृत्ती किंवा कन्स्ट्रक्टरला दिलेल्या किमती जुळत नसतात.

वेबपान

एकच पान पुरे. वर चालू फेरी आणि उरलेली मुदत, मधे मावशीच्या वहीसारखा तक्ता, खाली 'हप्ता भरा' आणि 'उचल' ही दोन बटणं. मजकूर मराठीत ठेवा. हे ॲप ज्यांच्यासाठी आहे त्या बायका 'ट्रान्झॅक्शन पेंडिंग' वाचून घाबरतील. बटण दाबल्यावर 'वॉलेटमध्ये मंजुरी द्या', मग 'वहीत नोंद होत आहे', मग 'नोंद झाली' अशा तीन पायऱ्या दिसल्या पाहिजेत. मधे बारा-पंधरा सेकंद किंवा जास्तही जाऊ शकतात. त्या वेळात पडदा गप्प राहिला तर माणूस पुन्हा बटण दाबतो.

वेबपान आणि कॉन्ट्रॅक्ट यांच्यात दुभाष्या असतो एबीआय, म्हणजे कॉन्ट्रॅक्टमध्ये कोणती फंक्शन्स आहेत याची यादी. कॉन्ट्रॅक्ट बदलून पुन्हा चढवलं की पत्ताही नवा आणि एबीआयही नवं. दुसऱ्या पहाटेच्या निम्म्या अडचणी 'पान जुन्या पत्त्याशी बोलतंय' याच असतात. म्हणून दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवा आणि चढवणारी स्क्रिप्टच ती फाइल लिहील असं करा.

वॉलेट भलत्याच जाळ्यावर असेल तर पानानेच सांगायला हवं. सेपोलियाचा साखळी क्रमांक १,११,५५,१११ आहे, तो तपासा. लॅपटॉपवरची साखळी बंद करून पुन्हा सुरू केली की मेटामास्क जुना व्यवहार क्रमांक धरून बसतं आणि सगळे व्यवहार अडतात, त्याच्या सेटिंगमधून त्या खात्याची हालचालींची नोंद पुसली की वाट मोकळी होते. रकमांसाठी जावास्क्रिप्टचा साधा आकडा वापरू नका. तो साधारण ९ वर १५ शून्यांपर्यंतच अचूक राहतो आणि नुसतं ०.०१ ईथर म्हणजे १ वर १६ शून्यं इतके वेई होतात. मोठे पूर्णांक अचूक ठेवणारा बिगइंट वापरा.

परीक्षकांसमोर

दोन लॅपटॉप, दोन वॉलेट. एकावरून हप्ता भरा आणि दुसऱ्या पडद्यावरच्या तक्त्यात खूण उमटताना दाखवा. मग तिसऱ्या, सदस्य नसलेल्या वॉलेटने हप्ता भरायचा प्रयत्न करा आणि व्यवहार नाकारला जाताना दाखवा. नकार दाखवणारे संघ मला फार क्वचित दिसले आहेत, पण कॉन्ट्रॅक्टची खरी ताकद तिथेच कळते. सभागृहाचं इंटरनेट दगा देऊ शकतं, म्हणून सगळ्याचं ध्वनिचित्रण आदल्या रात्रीच करून ठेवा.

'डेटाबेस का नको?', 'हप्ता चुकवला तर?' यांची उत्तरं तुमच्या पहिल्या फळ्यावर आहेत. तिसरा प्रश्न येतो तो फोन हरवल्याचा. वॉलेट गेलं तर त्या बाईची पाळी गेली का? याचं एक उत्तर असं: उरलेल्यांपैकी ठरलेल्या संख्येने मंजुरी दिली तर तिचा पत्ता बदलता यावा. हे फंक्शन लिहायला वेळ झाला नसेल, तर झाला नाही असं सांगा आणि कसं लिहाल ते कागदावर दाखवा. कायद्याचा प्रश्नही येऊ शकतो: चिट फंडांना १९८२ चा केंद्रीय कायदा लागू आहे, तेव्हा हा नमुना चाचणीच्या ईथरवरच आहे आणि खऱ्या पैशांनी चालवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल, हे तुम्हीच आधी सांगून टाका.

कल्पना लहान वाटते म्हणून खचू नका. डिजिटल मांजरांचा क्रिप्टोकिटीज हा खेळ ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडातल्या वॉटरलूच्या हॅकेथॉनमध्ये लोकांसमोर आला आणि वर्ष संपायच्या आत त्याच्या गर्दीने इथेरियमचं जाळं तुंबलं होतं. वनइंच ही विनिमय दर शोधणारी सेवाही २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅकेथॉनमध्येच सुरू झाली.

बक्षीस आणि नंतरचं घर आवरणं

बक्षीस क्रिप्टोमध्ये मिळालं तर घरी सांगा आणि कागद जपून ठेवा. आभासी डिजिटल मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावर भारतात १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएसही कापला जातो. मिळालं त्या दिवशीची किंमत लिहून ठेवली नाही, तर नंतर हिशेब लागत नाही.

निघण्यापूर्वी रीडमी फाइल पूर्ण करा. तिच्यात कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, जाळ्याचं नाव, कंपायलर आणि लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या, चालवायच्या चार ओळी आणि 'हे अजून सुटलेलं नाही' असा एक परिच्छेद असू द्या. मावशीला मी असं एक ॲप दाखवलं तेव्हा तिने तक्ता नीट पाहिला, लाल गोल कुठे आहे ते विचारलं आणि मग म्हणाली, "पण हप्त्याच्या आदल्या दिवशी बायकांना फोन कोण करणार?" त्या संघाच्या रीडमीमध्ये तो मुद्दा पहिल्या क्रमांकावर आहे. आठवणीचा संदेश पाठवणारा तो भाग ब्लॉकचेनवर नसेल, साध्या सर्व्हरवर असेल आणि पुढच्या महिन्यात ते तोच लिहिणार आहेत.